रिपोर्ट पास करायला निघालो होतो

"डायबिटीस आहे. टाइप टू. शुगर दोनशे ऐंशी," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, किती आली म्हणजे पास? ते हसले. मी चेष्टा करत नव्हतो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, केमिस्ट्रीत बी.एस्सी. नापास व्हायची सवय नव्हती.

मोठा भाऊ नाना चौथीत शाळा सोडून पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला लागला, म्हणून मी शिकलो. त्याच मिलच्या लॅबमध्ये मी रंग जुळवायचो.

गोळी मिळाली, ग्लिबेनक्लामाइड. जेवणाआधी एक. महिन्याने दुपारी पुन्हा रक्त द्यायचं होतं. आकडा चांगला यावा म्हणून त्या सकाळी मी दोन गोळ्या गिळल्या आणि उपाशी कामावर गेलो.

अकराला घाम फुटला, हात कापायला लागले. नाना डबा घेऊन आला, दोन घास खा म्हणाला. पुढचं मला लोकांनी सांगितलं. मी लोखंडी पाइप उचलून त्याला मारलं. तो पडला तरी मारत राहिलो. त्याचा उजवा हात मनगटात मोडला, कान फाटला.

"पीधेलो छे, बांधो एने," गुजराती सुपरवायझर ओरडला. इथे दारूबंदी, प्यायलेल्याला मारताना कोणी विचार करत नाही. मला कोऱ्या कापडाने खांबाला बांधलं, लाथा घातल्या. दोन दात पडले, बरगडी मोडली. पोलिसांना बोलवायला माणूस निघाला, तेवढ्यात नाना सरपटत आला आणि त्याने माझं तोंड हुंगलं.

"दारूना वास नही. याले दवाखानामा लई चला."

शुगर तीसच्या खाली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा शुद्धीवर आलो. शेजारच्या खाटेवर नाना, हाताला प्लास्टर. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टरांनी समजावलं. पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड. त्यातल्या बीटा सेल म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी. रक्तात साखर वाढली की त्यांचं पोटॅशियमचं दार मिटतं, मग कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर ढकललं जातं. साखर उतरली की दार उघडतं, इन्सुलिन थांबतं. टाइप टूमध्ये या पेशी थकतात, वेळेवर पुरेसं सोडत नाहीत. "गोळी ते दार दाबून धरते. तुम्ही जेवलात की नाही, तिला कळत नाही. साखर संपली की मेंदू उपाशी पडतो. मग माणूस भावालाही ओळखत नाही."

मला सगळं समजलं. पण दोन दिवस नानाने तोंड भिंतीकडेच ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी रडलो, तेव्हा म्हणाला, "शिकेल शे तू. पन भाकर खावाले तुले कोन शिकाडी?"

त्याची मूठ आजही पूर्ण वळत नाही. मशीन सुटलं, आता तो गेटवर बसतो.

गोळी घेणाऱ्यांनो, आधी ताट समोर घ्या. घाम आला, राग चढला तर साखर खा आणि जवळच्या माणसाला सांगा. माझे रिपोर्ट आता कधी चांगले येतात, कधी वाईट. मी ते नानाला वाचून दाखवतो. तो आकडा ऐकत नाही, फक्त विचारतो, "जेवना का?"

आधी जेवतो, मग हो म्हणतो.