प्रभूच्या नावाची मूठ

प्रेमलताबाईंना माणूस पारखता येतो, हे सौंसरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना मान्य होतं. ज्याला मान्य नसेल त्याची तसं बोलायची हिंमत नव्हती. आमचं प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, आणि माणसं फार तर पंधरा-वीस घरची. पण बाहेरून कोणी उपदेशक आला, की बाई पहिल्या सतरंजीवर बसून त्याला डोक्यापासून चपलेपर्यंत तपासायच्या.

एकदा एकजण आला. मोठा आवाज, पांढरेशुभ्र बूट आणि आजार बरे करणाऱ्या तेलाच्या बाटल्या. आमच्या बायका लगेच रांगेत. बाईंनी विचारलं, "भाऊ, तुमचं घर, तुमची मंडळी कोठी हाये? आमी येऊन भेटतो त्यायले."

परमेश्वर मला एका जागी राहू देत नाही, असं तो म्हणाला.

"मंग तुमी घरी कसे वागता, ते आमाले कसं समजन? शास्त्र तं आधी माणसाचं वागणं पाहा म्हणते."

दुपारच्या बसने तो बाटल्यांसकट छिंदवाड्याकडे गेला. तेव्हापासून बाईंचा शब्द आमच्यात शेवटचा झाला.

आमच्यात मुठीची रीत आहे. स्वयंपाकाला लागायच्या आधी प्रत्येक घरची बाई एक मूठ धान्य प्रभूच्या नावाने वेगळ्या डब्यात टाकते. शनिवारी ते गोळा होतं आणि पाळकाच्या घरी जातं. जो वचन शिकवण्यात खपतो त्याचं पोट मंडळीने भरावं, अशी शास्त्राची शिकवण. गोळा करायचा मान प्रेमलताबाईंचा. जुन्या लुगड्याची पिशवी शिवून त्या घरोघर फिरायच्या. देणाऱ्याचा हात पाहू नये म्हणून पिशवी पुढे धरून तोंड दुसरीकडे फिरवायच्या. मला त्याचं भारी कौतुक वाटायचं.

दिलीप पाळक आले ते बायको उर्वशी आणि लहान मुलीला घेऊन. माणूस मवाळ, उपदेश करताना मागच्यांना ऐकू जायचं नाही. पण कोणी आजारी पडलं की सांगायच्या आधी उशाशी हजर. बाईंनी त्यांना पास केलं होतं. "आवाज नाही, पण खोट नाही," असं म्हणाल्या होत्या.

मग एका बाजाराच्या दिवशी बाईंनी उर्वशीला गुणवंताच्या दुकानापाशी पाहिलं. गुणवंता कोंबड्या पाळतो. उर्वशीने ती लुगड्याची पिशवी त्याच्या पोत्यात रिकामी केली आणि ओच्यात अंडी घेऊन निघाली. प्रभूच्या नावाची मूठ, आणि तिची अंडी! बाईंचं डोकंच फिरलं. चार पावलं पुढे जाऊन विचारलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. त्या मागे फिरल्या.

बुधवारी बायकांची प्रार्थना असते. बाई उभ्या राहिल्या, डोळे मिटले. "बहिणींनो, पाळकाच्या घरासाठी प्रार्थना करा. प्रभूच्या नावाची मूठ इकून राहिले ते. मोहात पडले बिचारे." आणि त्या रडल्या. अश्रू खरे होते, मी शेजारीच होते.

पाळकावरची तक्रार दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय कानावर घ्यायची नाही, हे बाईंनीच आम्हाला शिकवलेलं. त्यांनी चहाडी केली असती तर आम्ही साक्षीदार मागितले असते. पण प्रार्थनेच्या विषयाला साक्षीदार कोण मागणार? आम्ही सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं.

त्यानंतर घरोघरचे डबे थांबले. पाळकाला पश्चात्ताप होऊन मन फिरलं की देऊ, असं ठरलं. मन फिरलं की नाही ते पाहायला कोणीच गेलं नाही. दिलीप पाळक संत्र्याच्या तोडीला मजुरीने जाऊ लागले. रविवारी शास्त्र हातात धरत तेव्हा हातावरचे काट्यांचे ओरखडे आम्हाला दिसायचे. एकदा त्यांनी बाईंना विचारलं, "मावशी, माझं काही चुकलं का?"

"प्रभूले इचारा," बाई म्हणाल्या.

हिवाळा सरायच्या आत ते बिऱ्हाड घेऊन पांढुर्ण्याला गेले. तिथं संत्र्यांच्या पेट्या भरायचं काम मिळालं होतं.

पुढे बाईंचे यजमान रामाजी तापाने अशक्त झाले. डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली, म्हणून बाई गुणवंताकडे गेल्या. तो सहज बोलून गेला, "काकू, पाळकाची बाई गेली अन् माह्या कोंबड्यायची मजा गेली. लय सोंडे राहत त्या दाण्यात."

"सोंडे?"

"मंग? ज्वारी, तांदूळ, तुरीची चुरी, सारं किडलेलं. ते बाई निवडत बसे. खाण्यासारखं घरी ठेवे, उरलं ते मले आणून दे. पोरीसाठी दोन अंडे ने. म्या म्हटलं, असं दाणं देते तरी कोण? तं काई बोलली नाही."

बाई अंडी न घेताच घरी आल्या. आपल्या मुठीचा डबा उघडला आणि तळहातावर ज्वारी घेतली. दाणे पोखरलेले, मध्ये सोंडे वळवळत होते. नवी ज्वारी कोठीत, घरच्यांसाठी. डब्यासाठी मागल्या सालच्या पोत्याचा तळ. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. आता शरमेने त्यांना उठवेना.

"म्या त्यायले कोंबड्यायचं दाणं चारलं, अन् वरून चोर ठरवलं," त्या रामाजींना म्हणाल्या.

"जाऊन माफी माग मंग."

"जातो. पण बोलली मंडळीत, तं आधी मंडळीत सांगतो."

रविवारी त्या उभ्या राहिल्या. चेहरा पाहून एक बहीण घाईने म्हणाली, बाईंसाठी प्रार्थना करू या. "प्रार्थना मंग. आधी आयका," बाई म्हणाल्या, आणि सोंड्यांसकट सगळं सांगितलं. कोणी मान वर केली नाही. ज्याला त्याला आपापल्या घरचा डबा आठवत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत पांढुर्ण्याला गेले. स्टेशनजवळ एक खोली. बाईंनी लुगड्याची पिशवी भरून नवी ज्वारी आणली होती, एकेक दाणा निवडून. दारातच त्या दिलीप पाळकांच्या पायाशी वाकू लागल्या, तेव्हा त्यांनी घाईने धरलं. "मावशी, मनात काही नाही माझ्या."

"मंग चला ना जी वापस."

"नाही मावशी," ते हळूच म्हणाले. "पोरगी इथं शाळेत रमली. तिथं तिच्यासोबत कोणी खेळत नव्हतं."

पोरीची गोष्ट बाईंना ठाऊकच नव्हती. त्या खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या.

उर्वशीने पिशवी उचलली. चेहऱ्यावर राग दिसला नाही. ज्वारी सुपात ओतली, सूप मांडीवर घेतलं आणि निवडायला लागली.

"निवडू नको वं पोरी," बाई म्हणाल्या. "म्या चांगली निवडून आणली हाये."

"हो मावशी," उर्वशी म्हणाली. बोटं मात्र दाणे बाजूला सारून पाहतच राहिली.