दसऱ्याची सही

कळमनुरीच्या मंडपवाल्या उकंडरावाला कोणी पैसे मागितले की तो ऐटीत चेकबुक काढायचा. रोख देणे म्हणजे हलक्या माणसाचे काम, असे त्याचे मत. सही अशी लफ्फेदार की तिच्या शेपटालाच अर्धा चेक पुरत नसे. तारीख मात्र नेहमी एकच, पुढच्या दसऱ्याची. मुहूर्तावरचा चेक परत येत नाही म्हणे! दसऱ्याला बँकच बंद असते, हे या शहाण्याला कोणी सांगावे?

बायको शिला सांगून थकली होती. "अवो, सगळ्याईला एकच तारीख काहून देऊन राहिले? खात्यात तेवढे हायेत का?"

"तुला काय कळतंय? गणपतीचे, देवीचे पैसे आले की बराबर वटतेत."

शिलाला स्वतःच्या नावापलीकडे लिहिता येत नव्हते, पण व्यवहार कळत होता. पोरगी पुजा हिंगोलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नव्हते, आणि त्या फीलाही बापाने दसऱ्याचाच चेक दिला होता.

मंडळवाले उकंडरावाचेही गुरू निघाले. त्यांनी त्याच्या हातावर दिवाळीच्या तारखेचे चेक ठेवले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाच चेक एकदमच बँकेत पोचले. खात्यात पैसे एकापुरते. आणि वटला कोणाचा? उकंडरावाच्या स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा! गॉगल लावलेले ते थोबाड अजून चौकात लटकत होते. पुजाच्या फीचा चेक परत आला. बडा घर, पोकळ वासा. याचा तर धंदाच वाशांचा.

पुजा रडत घरी आली, तर या बहाद्दराने पुन्हा चेकबुक काढले. "दिवाळीची तारीख टाकतो की!"

शिलाला त्याची किळस आली. "ठेवा ते. तुमच्या सहीला आता कुत्रंबी इचारत न्हाई."

नवरा-नवरीला बसवायचा लाल मखमली सोफा उकंडरावाचा जीव की प्राण. तिने तो दुसऱ्या मंडपवाल्याला रोखीत विकला आणि पुजाला घेऊन हिंगोलीची एसटी धरली. उकंडरावही तोंड पाडून मागोमाग निघाला.

कॉलेजच्या कारकुनाने पैसे मोजून घेतले आणि फॉर्म पुढे सरकवला. खाली पालकाची सही हवी होती. उकंडरावाने लगबगीने खिशातला पेन काढला.

"तुमची नको," कारकून म्हणाला. "बाईंची चालेल."

शिलाने तोच पेन त्याच्या हातातून घेतला आणि दोन अक्षरे जोर देऊन लिहिली. उकंडराव नुसते टोपण धरून उभा राहिला.