वाकलेली फांदी

कागदावर कुठलाही प्राणी ते शेपटीकडून काढायला घेत. तोंड सगळ्यात शेवटी. कोणी कारण विचारलंच, तर मान वर न करता म्हणत, "तोंड तं खोटं बोलते गा. शेपटीले ते जमत नाही."

नागपूरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो आणि ते व्यंगचित्रकार. शेवटच्या पानावर रोज त्यांच्या चार चौकटी असत. त्यात एक जंगल, एक रेडा, एक कोल्हीण, काही बगळे आणि झाडावर बसून सगळ्यांना आश्वासनं देणारं एक माकड. नाव कुणालाच नव्हतं. तरी सकाळी पानठेल्यावर लोक माकड कोण ते बरोबर सांगत. तुम्हीही सांगितलं असेल.

रागीट होते. छपाईत एखादी रेघ जाड आली की दिवसभर कोणाशी बोलत नसत.

एकदा गांधीबागेतला एक नगरसेवक थेट त्यांच्या टेबलाशी आला. आम्हाला वाटलं, आता भांडण. तो म्हणाला, "सगळेच तुमच्या जंगलात आले. मले काहून नाही घेतलं जी?"

त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. दुसऱ्या दिवशी एक डोळा मिटून चिखलात बसलेला बेडूक छापून आला. नगरसेवकानं तो फ्रेम करून आपल्या कापडाच्या दुकानात लावला.

मग निवडणूक आली. संपादकांनी त्यांना बोलावलं तेव्हा मी पान दाखवायला केबिनमध्येच उभा होतो.

"ते माकड काढा."

"रोजच काढतो."

"म्हणजे काढून टाका. वरून सांगितलंय."

"बरं."

दुसऱ्या दिवशी माकड नव्हतं. नुसती फांदी होती आणि खाली माना वर करून उभी असलेली जनावरं. पण ती फांदी त्यांनी अशी वाकवली होती, की वजन दिसत होतं. एका रेघेत. शहर पूर्वी कधी हसलं नसेल इतकं हसलं. त्यानंतर फांदी रोज थोडी जास्त वाकत गेली, आणि एका सकाळी त्या जागेवर प्लॉटची जाहिरात आली.

ते नेहमीसारखे चित्र घेऊन आले. चौकटी बंद झाल्याचं मी सांगितलं. त्यांनी चित्र पिशवीत परत ठेवलं, चहा घेतला आणि गेले. मला राग यायला हवा होता. मी दुसऱ्या दिवसाचं पान लावायला घेतलं.

सुरुवातीला वाचकांचे फोन आले. ते अधूनमधून येऊन विचारत, "आला का गा कोणाचा?" एके दिवशी मला "नाही" म्हणावं लागलं.

"होते सवय लोकायले," ते म्हणाले. त्यानंतर ते आले नाहीत.

शहराबाहेर वाडीला ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, भाड्याच्या खोलीत राहत. पुढे एकदा तिकडे गोदामाला आग लागली, तिची बातमी करायला गेलो, तर अंगणवाडीच्या भिंतीपाशी स्टुलावर उभे राहून ते सिंह रंगवताना दिसले.

"इथली बाई म्हणते, सिंह हसून राहिला पाहिजे. लेकरं भेतात."

मग तेच म्हणाले, "वाईट वाटते का म्हणून इचारू नको. काहीच वाटत नाही गा. काहून वाटत नाही, तेच समजत नाही मले." आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. "भाऊ, हे सकाळी उठलेच नाही."

घाटावर तो नगरसेवक आला होता. हात जोडून उभा राहिला. मी लिहिलेली बातमी जागेअभावी दोन ओळींची झाली.

नंतर काकूंना भेटायला निघालो, तेव्हा वाटेत अंगणवाडी लागली. सिंहाच्या शेजारी हत्ती झाला होता. सेविका दारातच होती. "हत्तीचा डोळा राहून गेला होता त्यायचा," ती म्हणाली. "मीच काळा ठिपका देल्ला. बरा दिसते ना?"

"हो," मी म्हणालो.

हत्ती रस्त्याकडे पाहत होता की आणखी कुठे, काही कळत नव्हतं. एक ट्रक गेला. त्याची धूळ भिंतीवर बसेपर्यंत मी उभा होतो, मग काकूंच्या खोलीकडे वळलो.