फॅट किती लागली?

आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये रक्ताच्या नळ्या साठतात आणि चहाच्या टेबलावर गोष्टी. नळ्यांना निदान लेबल तरी असतं! गोष्टींचं तसं नाही. कुणी नुसतं ‘भाकरी’ म्हटलं तरी एखादी टुणकन बाहेर येते.

आमचं काम थोडक्यात असं. बाईचं वजन आणि तिच्या रक्तातली चरबी, यात ताटाचा वाटा किती आणि आईबापांकडून आलेल्या जनुकांचा किती, ते बघायचं. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत शिबिरं घ्यायची, रक्त घ्यायचं, तपासायचं. प्रोजेक्ट कांबळे सरांचा. सर बायोकेमिस्ट्रीचे, बोलायला एकदम कमी. रक्त काढणारी रेश्मा, बोलायला एकदम जास्त. आणि मी डॉक्टर, दोघांच्या मध्ये.

* * *

पहिल्याच गावात आक्काताई भेटल्या. दोन म्हशी, रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, फॅट लागेल तसा दर. आदल्या दिवशी आम्ही गावभर निरोप दिलेला, ‘रक्त द्यायला उपाशी या.’

रेश्मानं विचारलं, “मावशी, काही खाल्लं नाही ना?”

“काय बोलतीस पोरी? कडक उपास हाय माझा!”

“वा! म्हणजे काहीच नाही?”

“काय बी न्हाय. फकस्त खिचडी, शेंगदाण्याची आमटी आन् केळं.”

रेश्मानं सुई परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी आक्काताई खऱ्याखुऱ्या उपाशी आल्या. रक्त घेतलं, मशीनमध्ये फिरवलं. लाल भाग खाली बसला की वर पिवळसर, नितळ पाणी दिसतं. इथं वर दूध होतं! पांढरंशुभ्र, दाट दूध. मला वाटलं, बाई पुन्हा खाऊन आल्या. त्या म्हणाल्या, “जोतिबाची शप्पथ, पाण्याचा थेंब न्हाय घेतला.” आणि ते खरं होतं.

सरांनी नळी खिडकीकडं, उजेडात धरली. पुस्तकात वाचलेलं असतं, पण असं समोर दिसलं की अंगावर काटा येतो. खाल्लेली चरबी फोडायचं काम ज्या जनुकाकडं, तेच बिघडलेलं. जन्मापासून! बाईंचं पोट वर्षानुवर्षं दुखायचं आणि सगळे ‘पित्त’ म्हणून सोडून द्यायचे. खरा धोका स्वादुपिंडाला होता. पुढं औषधं सुरू झाली, तेल-तूप जवळजवळ बंद झालं, आणि दुखणं थांबलं.

पण त्या सकाळी आम्ही घाबरत घाबरत ती नळी त्यांना दाखवली. आता रडतील, हातपाय गाळतील असं वाटलं. आक्काताईंनी नळी हातात घेतली, तिरकी केली, पारखून बघितली आणि विचारलं,

“फॅट किती लागली?”

* * *

मंगळवार पेठेतल्या दोन जावा. एकच घर, एकच चूल, एकच फोडणी. मोठी मंगल अंगानं भरलेली, धाकटी वैशाली अशी बारीक की तिनं पंख्याखाली उभं राहायला भ्यावं.

सासूबाईंनी घरात कायदा केलेला. मंगलच्या भातावर तूप नाही. तिच्या वाटणीचंही वैशालीच्या ताटात! “खा गं, अंगाला लागू दे.” मंगल बिचारी लग्नापासून कोरडा भात गिळत होती, आणि वजन काही हलत नव्हतं.

रिपोर्ट आले. मंगलचं रक्त स्वच्छ, आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं वैशालीचं!

सासूबाई म्हणाल्या, “नळ्या बदलल्या असतील.” पुन्हा रक्त घेतलं. तेच आलं.

सरांनी समजावलं, “आजी, अंगावर चरबी किती चढणार आणि रक्तात किती फिरणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याचदा जोडीनं येतात, पण प्रत्येक वेळी नाही. वरून बघून कळत नाही.” मंगलला गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं आणि वैशालीला गोळी दिली.

 सासूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “म्हंजे इतकी वर्सं मी चुकीच्या सुनंचं तूप बंद केलं की!”

मंगल तेव्हा इतकी हसली, इतकी हसली की शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं की काय, आम्ही विचारलं नाही.

* * *

जुळ्या बहिणी. अगदी सारख्या. एकीचं पन्हाळ्यावर झुणका-भाकरीचं दुकान, दिवसभर चढ-उतार. दुसरी शिरोली एमआयडीसीत ऑफिसमध्ये, दिवसभर खुर्ची. पन्हाळ्याची काटक, शिरोलीची गुबगुबीत. पण रक्तातल्या चरबीचे आकडे इतके जवळ की रेश्माला वाटलं, आपण एकीलाच दोनदा टोचलं!

दोघींना शेजारी बसवून सांगितलं. पन्हाळ्याची म्हणाली, “आईनं एकच लुगडं फाडून दोघींना दिलंय बघा.”

शिरोलीची म्हणाली, “व्हय, पण माझं तेवढं आटलंय!”

* * *

तस्लीमा खरं तर तपासायला आलीच नव्हती. नणंदेचं वजन जास्त म्हणून सोबत आलेली. शिवणकाम करणारी, तिशीची, काडीसारखी. रेश्मा बोलता बोलता एकदम थांबली आणि तिच्या पापण्यांकडं बघायला लागली. पापण्यांवर पिवळसर, उंचवटल्यासारखे डाग, चरबी साठते तसे.

“हे कधीपासून?”

“लगीन व्हायच्या आधीपासून. अम्मीला बी हुते. पावडर लावली की झाकतंय.”

“अम्मी कुठं असतात?”

“गेली. चपात्या लाटता लाटता. चाळिशी बी न्हवती. मामू बी तसाच गेला. लोक म्हनले, नजर लागली.”

तस्लीमाचं कोलेस्टेरॉल बघून सरांना मशीन बिघडलं असं वाटलं. मशीन ठणठणीत होतं. सर एवढंच म्हणाले, “घरातल्या सगळ्यांना बोलवा. लहान मुलंसुद्धा.”

रविवारी टेम्पो आला. वऱ्हाड उतरावं तसं खानदान उतरलं. भाऊ, बहिणी, मावश्या, त्यांची पोरं! आणि सगळ्यांत शेवटी, दोघांनी धरून, बिर्याणीचं पातेलं. रक्त कोलेस्टेरॉलसाठी द्यायचं आणि आमच्यासाठी बिर्याणी आणायची, हे कोल्हापुरातच होऊ शकतं!

जवळपास निम्म्यांत कोलेस्टेरॉल वाढवणारा तोच जनुकदोष सापडला, निम्मे सुटले. एकाच आईची दोन लेकरं, एकात आहे, एकात नाही. तस्लीमाच्या भावाला तर छातीत दुखत होतं आणि तो कुणाला बोलला नव्हता. त्याच आठवड्यात त्याच्यावर उपचार झाले. आज तो स्वतः टेम्पो चालवत औषध न्यायला येतो.

तस्लीमा म्हणाली, “अम्मीचे दागिने वाटले तवा भांडणं झाली. हे मातुर ती कुणाला न ईचारता वाटून गेली.”

* * *

आणि सुनंदा. एका कँटीनमध्ये भाकऱ्या थापायची. लहानपणापासून वजन जास्त. मी नेहमीसारखं विचारलं, “पोट भरल्यावरसुद्धा खाता का?”

तिनं माझ्याकडं बघितलं. “पोट भरतंय म्हंजे नेमकं काय हुतंय, मॅडम?”

मला वाटलं, थट्टा करतेय. ती करत नव्हती.

तिचा रिपोर्ट सरांनी स्वतः सांगितला. “खाल्ल्यावर मेंदूत एक निरोप पोचतो, ‘बास’. तो पोचवणारं तुमचं जनुक जन्मापासून नीट काम करत नाही.”

“म्हंजे मी हावरी न्हाय?”

“नाही.”

“माझी आई बी न्हवती?”

“आईकडूनच आलं असेल, तर नाही.”

सुनंदा रडली नाही. म्हणाली, “आईला समदं गाव हावरी म्हनायचं. चुलत्या, जावा, बाबा बी. मी बी म्हनलंय.”

मग तिनं आपल्या लेकीला आणलं. लेकीतही तेच निघालं. शाळेत डब्यावरून तिला चिडवत होते. जेवणाची वेळ, प्रमाण, खेळ, सगळं बसवून दिलं. भूक तशीच आहे, पण आता त्या घरात ताटावरून कुणी पोरीला बोलत नाही. सुनंदा बोलू देत नाही.

आईच्या वर्षश्राद्धाला तिनं आम्हा तिघांना माहेरी बोलावलं. फोटोला हार, समोर ताट. वहिनीनं एक भाकरी वाढली. सुनंदानं दुसरी वाढली. वर पिठलं वाढलं, भात वाढला, पुन्हा भाकरी. भात ताटाच्या कडेवरून पाटावर सांडला.

भाऊ पाव्हण्यांकडं बघून ओशाळला. “सुनंदे, बास की आता!”

सुनंदानं वर न बघता आणखी एक भाकरी ठेवली.

“बास आईनं म्हनायचं. तू न्हाय.”