कारळ्यांची कुत्या

"मावशी, काय वाट्टेल ते आण, पण खसखस आणू नकोस. इथे बंदी आहे. सरळ आत टाकतील," असं निखिलने फोनवर पुन्हा एकदा बजावलं, तेव्हा मी अनारशांचा डबा पिशवीतून निमूटपणे बाहेर काढला. निमूटपणे म्हणजे अर्धा तास बडबडून. अहो, अनारशाला लावलेली खसखस ती केवढी! पण भाचा काही ऐकेना. मग त्या जागी खिरीसाठी खपली गहू आणि चटणीसाठी कच्चे कारळे भरले आणि मिरज सोडली.

शारजाच्या विमानतळावर नेमकी तीच पिशवी उघडली गेली. गणवेशातल्या तरुणाने कारळ्यांची पुडी उजेडात धरली आणि विचारलं, "खशखाश?"

अरबीतसुद्धा खसखशीला जवळजवळ तोच शब्द असावा, हे माझं दुर्दैव. "नो खशखाश! कारळे! चटणी!" असं म्हणत मी भाकरी मोडून चटणीला लावून खाण्याचा पुरा अभिनय केला. त्याने दाणे हुंगले, शेजारच्या सहकाऱ्याला हुंगवले आणि दोघं हसत सुटले. "यल्ला, मामा, यल्ला," म्हणाला. यल्ला म्हणजे चला आणि मामा म्हणजे तिकडे आई, हे निखिलने नंतर सांगितलं. तोवर मी मनातून रागावले होते.

निखिलचं घर अल मजाजला, खाडीकाठच्या एका उंच इमारतीत. बायको ओक्साना. तिची आई युक्रेनची, वडील पोलंडचे. दोघांची ऑफिसात ओळख झाली आणि लग्न झालं. त्यांची आठ वर्षांची मीरा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. आणि या खेपेला घरात आणखी एक पाहुणी होती, ओक्सानाची आई हालिनाबाई. नवरा गेला, मग लढाईमुळे युक्रेनमधलं घरही सोडावं लागलं. हल्ली त्या पोलंडात नणंदेकडे राहतात. लेकीकडे पहिल्यांदाच आल्या होत्या.

मी नमस्काराला हात जोडले, तर त्यांनी मला मिठीतच घेतलं. एका गालाचा मुका, दुसऱ्या गालाचा मुका. संपलं समजून मी मान सरळ केली, तेवढ्यात त्या तिसऱ्यासाठी आल्या आणि आमची नाकं आपटली. एकमेकींची भाषा येत नसताना झालेली ही आमची पहिली बोलणी.

दोन दिवसांवर त्यांची 'पवित्र संध्याकाळ' आली होती. नाताळच्या आदल्या दिवशी दिवसभर उपास, आकाशात पहिली चांदणी दिसली की तो सोडायचा, आणि ताटात बारा पदार्थ. "म्हणजे संकष्टीच की!" मी म्हणाले. फक्त यांच्या उपासाला दूध चालत नाही, तूप चालत नाही आणि मासा चालतो. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. पहिला घास ज्या पदार्थाचा घ्यायचा त्याचं नाव कुत्या. गहू, मध, अक्रोड आणि वाटलेला मक असं घालून केलेली घट्ट खीर. मक म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

निखिल कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, लिफ्टमध्ये कुत्या कुत्या करू नकोस हं. सगळ्यांना हिंदी कळतं."

दुसऱ्या दिवशी मासळीसाठी तो आम्हा दोघींना घेऊन खोर फक्कानला गेला. रस्ता उघड्याबोडक्या डोंगरांतून जातो, बोगद्यातून बाहेर पडलं की अचानक निळाशार समुद्र. वाटेत हालिनाबाईंनी डोंगराकडे बोट दाखवून मला काहीतरी विचारलं. मी म्हणाले, "हो ना बाई, औषधालासुद्धा झाड नाही." त्यांनी मान डोलावली. त्यांनी काय विचारलं होतं देव जाणे, पण आमचं उत्तम चाललं होतं.

मासळी बाजारातला एक विक्रेता माझं मराठी ऐकून उठूनच उभा राहिला. "मी दापोलीचा. तुम्ही कुठल्या, मावशी?"

"मिरजेची."

"मग तुम्हाला मासळीतलं काय कळायचं!" असं म्हणून त्याने मला बाजूला केलं आणि हालिनाबाईंकडे वळला. त्यांना तळ्यातला कार्प मासा हवा होता. त्यांनी फोनवर त्याचं चित्र दाखवलं. "दर्यावर येऊन तळ्यातला मासा मागतायत! हा दर्यातला हमूर घ्या म्हणावं, कार्पचं नाव विसराल." त्याने झकास तुकड्या करून दिल्या. "तुमचा सण चांगला होईल, इन्शाल्ला," म्हणाला.

सण बिघडला तो घराखालच्या बकाल्यात (कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान). निखिल गाडी लावत होता, तेवढ्यात हालिनाबाई आत शिरल्या आणि काउंटरवरच्या लखनौकडच्या भल्या माणसाकडे पाहून मोठ्या आशेने म्हणाल्या, "कुत्या?"

त्याचा चेहरा पडला. "माताजी, मैंने आपका क्या बिगाड़ा है?"

"भाईसाब, गाली नहीं है, खीर है, खीर!" मी धावले. हालिनाबाईंना काहीच उमगलं नाही. त्यांनी फोनवर दुसरा फोटो काढून त्याच्यापुढे धरला. "मक," म्हणाल्या. बारीक काळे-राखाडी दाणे होते. दुकानदाराने डोळे बारीक केले आणि मग दचकून मागे सरला.

"खसखस! ना ना, यहाँ सख़्त मना है!" त्याने दोन्ही मनगटं जोडून बेड्या दाखवल्या. मक म्हणजे खसखस होती तर! आपली पांढरी, यांची काळी. हे मात्र हालिनाबाईंना दुभाष्याशिवाय कळलं. त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला आणि वर येताच खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

संध्याकाळी ओक्साना स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "मावशी, मम्मा रडते. दार बंद केला." मग तिने इंग्रजी, हिंदी, मराठी जे हाताशी येईल त्यात सांगितलं. इथे मक मिळत नाही हे तिला ठाऊक होतं, पण आईला सांगायचा धीर झाला नव्हता. वडील गेल्यापासून आईने हा सण केलाच नव्हता. घर गेलं, मक वाटायचं मातीचं भांडंसुद्धा तिथेच राहिलं. या वर्षी तिने ठरवलं होतं, एकदा तरी नातीला आपल्या हातची कुत्या खायला घालायची. एवढी वाटीभर पोरीच्या तोंडात पडली की मी मोकळी, असं ती म्हणत होती. आणि आता म्हणत होती, मक नाही तर कुत्या नाही, आणि कुत्या नाही तर सण नाही.

मला फार वाईट वाटलं. माझे अनारसे घरी राहिले म्हणून मी केवढा गोंधळ घातला होता! या बाईचं तर सगळं घरच मागे राहिलं होतं.

रात्री पडल्या पडल्या मला ती पुडी आठवली. रंग काळा, दाणा बारीक, वाटला की तेल सुटतं. खसखशीवर बंदी असेल, कारळ्यांवर कुठे आहे?

सकाळी गहू शिजायला टाकले आणि कढईत कारळे घेतले. तडतडायला लागल्यावर घरभर खमंग वास सुटला. निखिल उडी मारून आला, "चटणी?" त्याला हाकलून दिलं. मग मी खलबत्त्यात कारळे कुटायला बसले. जरा वेळाने खोलीचं दार उघडलं.

हालिनाबाई माझ्या डोक्यावर उभ्या राहून बघत होत्या. मी कुटते आहे. त्या बघताहेत. शेवटी त्यांना राहवेना. "नी, नी, नी!" असं म्हणत त्यांनी माझ्या हातातून बत्ता ओढून घेतला आणि मक कुटायचा नसतो, गोल गोल रगडायचा असतो, हे मला दाखवलं. रगडता रगडता त्यांनी बोटावर घेऊन चाखलं. ओक्साना, मी आणि निखिल श्वास रोखून उभे. त्यांनी बोट पुन्हा चाटलं. मग बोलल्या.

"म्हणते, हा मक नाही," ओक्सानाने सांगितलं.

त्यांनी आणखी एकदा चाखलं.

"म्हणते, थोडा कडू आहे. मध जास्त घाला."

मग काय विचारता! दुपारभर आम्ही दोघींनी ते स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. वारेनिकी (बटाट्याचं सारण भरलेल्या, उकडलेल्या करंज्या, यांनाच पोलंडात प्येरोगी म्हणतात, आणि नावावरून हालिनाबाई आणि त्यांच्या नवऱ्याची जन्मभर वादावादी चालायची) करताना मी कडेला मुरड घातली. त्यांनी ती न्याहाळली, नाक मुरडलं आणि पुढची वारेनिकी माझ्याहून बारीक मुरडीची करून माझ्यापुढे ठेवली. मी हार मानली.

सूर्य मावळल्यावर सगळे गॅलरीत. खाली खाडीभर दिवे, वर विमानांची रांग.

"आजी, देअर! स्टार!" मीरा ओरडली. तो तारा सरकत सरकत खाली आला आणि विमानतळाकडे वळला. असे बरेच तारे उतरून गेल्यावर ती वैतागून आकाशावरच ओरडली, "यल्ला, स्टार, आय ॲम हंग्री!" आणि खरंच, दोन उंच इमारतींच्या फटीत एक न हलणारा ठिपका दिसला. हालिनाबाईंनी क्रूसाची खूण केली, मी हात जोडले.

टेबलावर एक ताट जास्तीचं होतं. अचानक कुणी आलं तर त्याच्यासाठी, आणि कधीच येणार नाही त्याच्यासाठीही, असं ओक्साना म्हणाली. मग हालिनाबाईंनी चमचाभर कुत्या घेतली. घरातल्या मोठ्याने ती छताकडे उडवायची. दाणे चिकटले तर वर्ष चांगलं. हे काम त्यांचा नवरा करायचा.

"भाड्याचं घर आहे," निखिल माझ्या कानात कुजबुजला, "रंग नवीन दिलाय!"

"गप बस," मी म्हणाले.

हालिनाबाईंनी चमचा मीराच्या हातात दिला. मीराने अशी काही उडवली की अर्धी निखिलच्या डोक्यावर पडली. बाकीची वर गेली, आणि खाली काही येईना. पाहतो तर छतावर चार दाणे आणि एक काळा ठिपका.

"शिवला!" माझ्या तोंडून निघून गेलं. "कावळा शिवला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कसला कावळा? मग मी सांगितलं. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी घास ठेवतात. कावळ्याने तो टिपला की समजायचं, त्याला पोचलं, त्याची इच्छा राहिली नाही. ओक्साना ते आईला सांगत गेली. हालिनाबाई छताकडे बघून रडत होत्या आणि हसतही होत्या. नवरा पोलिश असल्यामुळे कुत्या उडवता उडवताही या छताच्या प्रकाराची जन्मभर थट्टा करत आला, म्हणाल्या, आणि आज बघा कसा येऊन चिकटला.

मीराने दोन वाट्या कुत्या खाल्ली. ते दाणे निखिलने अजून पुसलेले नाहीत.

परत येऊन मिरजेच्या घरात मी खीर केली, तेव्हा कुणी बघत नाहीसं पाहून चमचाभर वर उडवली. ती सगळी माझ्या चष्म्यावर आली. आमचं छत उंच आहे.

मीरा उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे पोलंडला जाऊन आली. परवा ओक्सानाचा फोन आला. यंदाचा सण सगळे तिकडेच करणार आहेत, आणि मम्माने कारळे मागितलेत.

"अगं, तिकडे खसखस पोत्याने मिळत असेल ना?"

"मिळते, मावशी. मम्माने समरमध्ये केली होती, खऱ्या मकची. मीरा म्हणाली, नाइस आहे, पण हा कुत्या नाही."

माझं हसणं थांबेना. तेवढ्यात त्याच कॉलवर पोलंडहून जोडलेल्या हालिनाबाईंनी मला हाक मारली, "सुलू! कारले! कारले!" त्यांना ळ म्हणता येत नाही. वाटीभर खायला घातली की मी मोकळी, म्हणणारी ही बाई आता दरवर्षासाठी अडकली आहे, आणि तिच्याबरोबर मीही. सकाळपासून कारळे निवडत बसले आहे.