निळ्या टोपीतला गजानन

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी बंदूक चालवली ती फक्त फायरिंग रेंजवर. शाळेत सत्काराला बोलावतात तेव्हा हे सांगितलं की मुलांचा हिरमोड होतो. त्यांना शत्रू किती मारले ते ऐकायचं असतं. माझ्याकडे मलमपट्टीच्या गोष्टी आहेत. त्यातली एक सांगतो.

शांतिसेनेत दक्षिण सुदानला पोस्टिंग आल्याचं कळलं तेव्हा मी सुट्टीवर हिवरखेडला होतो. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सांगितलं, वर्षभरासाठी आफ्रिकेत जायचं आहे, तिथं लढाई सुरू आहे.

"त्या लोकायशी आपली दुश्मनी हाय का?" तिनं विचारलं.

"नाई."

"मंग तुले काहून धाडून राहिले?"

"तिथले दोन गट आपसात लढून राहिले. मधात कोनीतरी उभं राहा लागते. आमचा तिथं दवाखाना राहीन."

तिनं हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "दवाखाना असन तर जाय."

देशाचं परराष्ट्र धोरण मला त्या दिवशी एवढंच समजलं. अजूनही त्याहून फार समजत नाही.

आमचं हॉस्पिटल म्हणजे ओळीनं मांडलेले पांढरे कंटेनर, भोवती मातीनं भरलेल्या पोत्यांची भिंत आणि एक गेट. हेल्मेट निळं, टोपी निळी. जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात बूट आत राहून पाय वर यायचा. बाकीचे जवान त्या चिखलाला शिव्या द्यायचे. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मात्र पहिल्याच दिवशी खाली वाकला, एक ढेकूळ उचलून चुरगाळलं आणि स्वतःशीच म्हणाला, "हे तर आपलंच वावर हाय."

मी मागेच उभा होतो. म्हटलं, "कोठचा रे तू?"

"दर्यापूरकडचा. तू?"

"हिवरखेड."

"अरे बाप्पा!" असं म्हणून त्यानं मातीचे हात तसेच माझ्या खांद्यावर ठेवले. नायक गजानन खंडारे. घरी आई, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. पुढे वर्षभर आम्ही एकाच कंटेनरमध्ये राहिलो.

वर्षभर म्हणालो. ते त्याच्यासाठी पूर्ण झालं नाही.

गजानन फार बोलायचा. तिथली अरबी बोली तो माझ्याआधी शिकला. दवेला दवा म्हणतात, संपलं की खलास म्हणतात. "अर्धी भाषा तर अकोल्याच्या बाजारातलीच हाय," असं त्याचं म्हणणं. ड्रायव्हरला तिकडे सवाग म्हणतात. गाडी गावातून निघाली की बाया-पोरं "सवाग, सवाग" करत हात हलवायची आणि हा खिडकीतून मुख्यमंत्र्यासारखा हात हलवायचा. रस्त्यात गुरं आली तर हॉर्न द्यायचा नाही, इंजिन बंद करून थांबायचा. एस्कॉर्टचे लोक वैतागायचे. तो म्हणायचा, "त्यायचं गाव हाय. जाऊ द्या त्यायले आधी."

वॉर्डात दोन्ही गटांचे जखमी शेजारी शेजारी असायचे. नियम एकच होता, हत्यार गेटच्या बाहेर. एकदा दोन्ही हात भाजलेल्या माणसाला शेजारच्या पलंगावरचा, पायाला प्लास्टर असलेला माणूस चमच्यानं ज्वारीची पेज भरवताना मी पाहिला. महिन्यापूर्वी हे दोघं एकाच नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आमच्या सर्जन मेजरसाहेबांनीही ते पाहिलं. पुढच्या पेशंटकडे गेले.

पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी रेडिओवर मेसेज आला. वीसेक किलोमीटरवरच्या एका गावात, चर्चच्या ओसरीवर एक जखमी पडला होता. गोळी मांडीत. रक्त थांबत नव्हतं. तो लढणारा होता, पण त्याच्याजवळ आता हत्यार नव्हतं. मेजरसाहेबांनी विचारलं, "रस्ता?"

"रस्ता हाय, सर," गजानन म्हणाला. "आनतो."

पुढे एक एस्कॉर्ट गाडी, मागे एक, मध्ये आमची ॲम्ब्युलन्स. जाताना काही झालं नाही. जखमी पंचविशीचा, उंच माणूस होता. नाव पीटर. त्याची मांडी कापडानं बांधली होती, तरी कापड भिजून गेलं होतं. त्याला आत घेतलं आणि मी जांघेत दोन्ही हातांनी दाब दिला. हात काढला की रक्त उसळायचं. म्हणून हात काढायचे नाहीत, असं ठरवलं.

परतीच्या वाटेवर, उंच गवत लागतं तिथं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फायरिंग सुरू झालं. ते आमच्यावर नव्हतं. दोन्ही गट एकमेकांवर झाडत होते आणि आम्ही मधात होतो.

रेडिओ ओरडला. "थांबू नका. वेग वाढवा. ओव्हर."

"रॉजर," गजानन म्हणाला.

पत्र्यावर दोन आवाज झाले. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. आवाज डावीकडूनच आला. मधल्या छोट्या खिडकीतून मला त्याची मान आणि निळं हेल्मेट दिसत होतं.

"गजानन, लागलं का?"

"नाई. तू पेशंट पाय."

"खरं सांग."

"अरे, तू पेशंट पाय न. हात नको काढू."

मी हात काढले नाहीत. गाडी एकसारखी चालत राहिली. खड्डा आला की तो वेग कमी करायचा, म्हणजे माझा हात सरकू नये. एकदा त्यानं विचारलं, "जिता हाय का?" मी म्हणालो, "हाय." त्यानंतर तो बोलला नाही. बोलला नाही हे त्याच्या बाबतीत विचित्र होतं, ते मला जाणवलं होतं.

गेट आलं. गाडी ऑपरेशन थिएटरच्या दाराला मागून बरोबर लावली गेली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज मी ऐकला. मेजरसाहेबांनी माझ्या हातांखालची रक्तवाहिनी चिमट्यात पकडली तेव्हाच मी हात सोडले आणि पुढे धावलो. गजानन स्टिअरिंगवर टेकून बसला होता. डाव्या बरगडीखाली लागलं होतं. सीट पूर्ण ओली होती.

ओ.टी.त दोन टेबलं होती. एकावर पीटर, एकावर गजानन. संध्याकाळी पहिल्या टेबलावरचा माणूस स्थिर झाला. दुसऱ्यावरचा गेला. मी त्याचं तोंड पुसलं, केस नीट केले. त्याला केस विंचरलेले लागत.

काढलेली गोळी ट्रेमध्ये होती. कोणत्या बाजूची, हे कधीच कळलं नाही. कळणार तरी कसं. दोन्हीकडे एकाच बनावटीच्या बंदुका होत्या. मेजरसाहेब त्या ट्रेकडे पाहत म्हणाले, "या देशात शिवायची सुई बनत नाही, हवालदार. सुई बाहेरून येते. हेही बाहेरून येतं. पण सुई वेळेवर येत नाही."

दुसऱ्या दिवशीपासून पीटरचं ड्रेसिंग माझ्याकडे आलं. मेजरसाहेबांनी विचारलं होतं, दुसऱ्या कोणाला देऊ का. मी नको म्हणालो. गजाननचं जे काही शिल्लक राहिलं होतं ते माझ्या दृष्टीनं त्या मांडीत होतं. ती चिघळू द्यायची नव्हती. तिसऱ्या दिवशी पीटरनं डोळे उघडून मला विचारलं, "सवाग?"

मी म्हणालो, "खलास."

हा शब्द दोघांनाही कळत होता. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. माझं काम होईपर्यंत तो तसाच राहिला. त्याचे खांदे हलत होते.

महिन्याभरानं तो लंगडत चालायला लागला. डिस्चार्जच्या दिवशी त्यानं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. गेटबाहेर त्याचे साथीदार ट्रक घेऊन उभे होते. त्यांनी त्याला वर ओढलं आणि एकानं त्याच्या हातात बंदूक दिली. त्यानं ती घेतली. मी गेटवरून पाहत होतो. मला राग आला नाही. फक्त वाटलं, टाके अजून कच्चे आहेत, ट्रकमध्ये धक्के बसतील.

आता मी अकोल्यात राहतो. सकाळी चहाला शेजारचे वकीलसाहेब असतात. हल्ली टीव्हीवर रोज कुठली ना कुठली लढाई असते. दूरच्या देशांची असते, आणि मध्यंतरी आपल्या सरहद्दीवरचीही होती. वकीलसाहेब विचारतात, "हवालदार, आपण कोणाच्या बाजूनं उभं राहायला पाहिजे?" मी त्यांना त्या ट्रेमधल्या गोळीबद्दल सांगतो. देशानं स्वतःची राखण जरूर करावी. मी त्याच देशाचं मीठ खाल्लं आहे. पण दुसऱ्यांच्या लढाईत तेल ओतायला कोणी जाऊ नये, आणि पोरं धाडायचीच असतील तर स्ट्रेचर देऊन धाडावी. ते म्हणतात, तुम्ही भावनेच्या भरात बोलता. असेल.

मायदेशी परतल्यावर मी आधी गजाननच्या गावी गेलो. त्याची शवपेटी माझ्या आधी पोचली होती. तिरंगा होता, सलामी झाली, गाव लोटलं होतं. त्याच्या बायकोनं सांगितलं की घोषणा द्यायच्या वेळी लोक अडखळले. मुर्दाबाद कोणाला म्हणायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी सवयीनं शेजारच्या देशाचं नाव घेतलं गेलं.

गजाननच्या आईचं नाव अनुसयाबाई. तिनं मला आधी जेवायला वाढलं. पानात भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. मी जेवेपर्यंत काही विचारलं नाही. मग समोर बसली.

"ज्याले आनाले गेला होता, तो वाचला का?"

"वाचला, माय. चालाले लागला."

"घरी गेला?"

तिच्याशी खोटं बोलावंसं वाटलं नाही. "नाई. पुन्हा लढाईत गेला. बंदूक घेऊन."

मला वाटलं, ती आता रडेल, किंवा शाप देईल. ती खाली पाहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पुन्हा लागलं त्याले, तर आनन कोन?" ती म्हणाली. "आता तर गजानन बी नाई तिथं."

मी सांगितलं, नवीन ड्रायव्हर आला आहे. केरळचा आहे. गाडी चांगली चालवतो.

"नाव काय त्याचं?"

"बिजू."

तिनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.

मी दरवर्षी दर्यापूरची एसटी धरून तिला भेटायला जातो. बिजूही केव्हाच मायदेशी परतला. ते मी तिला सांगितलं आहे, तरी ती दिवा लावताना त्याचं नाव घेते, मग पीटरचं. ते तिला अजून नीट म्हणता येत नाही. गजाननचं नाव सगळ्यात शेवटी. मागच्या खेपेला मी विचारलं, पोराचं नाव शेवटी काहून घेता, माय?

"तो पोचला, बाबू," ती म्हणाली. "हे अजून रस्त्यात हायत."