सतरा फुटाण्यांवर कल्याण

वागळे इस्टेटच्या आमच्या नाक्यावरून कल्याणला थेट बस जायची, आणि आमच्या आईच्या लेखी ती तिची स्वतःची गाडी होती. दर गुरुवारी सकाळी साडेनऊला आई त्या बसने मावशीकडे निघायची. मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण. झटका आल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. आई जाऊन तिला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, दुधात भाकरी कुस्करून भरवायची आणि संध्याकाळी परत. ताप असला तरी गुरुवार चुकवायची नाही.

आईला वाचता येत नाही. पण बस कधी चुकली नव्हती, कारण ती पाटी बघायचीच नाही, कंडक्टर बघायची. साताऱ्याकडच्या सवयीने ती त्याला ‘मास्तर’ म्हणायची. "मास्तर आपला, म्हंजे गाडी आपली," असं तिचं साधं गणित. तोही काही न विचारता तिच्या हातात तिकीट द्यायचा. आई खिडकीशी बसून डोळे मिटायची आणि कल्याण आलं की तोच तिला हाक मारून उठवायचा. मी म्हणायचे, अगं, जरा नंबर तरी ओळखायला शीक. तर म्हणायची, "नंबर काय मला हाक मारणार हाय व्हय?"

मग एके दिवशी मार्ग बदलले. का बदलले ते देव जाणे. थेट बस बंद झाली, तिचा नंबर घोडबंदर रोडच्या गाडीला गेला आणि कल्याणसाठी दोन गाड्या करायची वेळ आली. थांब्यावरची पाटी मात्र जुनीच. त्या गुरुवारी गाडी साडेनऊलाच आली, नंबर तोच, आणि आईचं नशीब बघा, मास्तरही तोच! आई चढली. त्याचाही हात सवयीनेच चालला असणार, दिलं तिकीट. आई डुलकीतून जागी झाली तेव्हा बाहेर तीस-तीस मजल्यांचे टॉवर आणि मागेपुढे नुसतं ट्रॅफिक. मला फोन आला तो मास्तरच्या फोनवरून. बिचारा तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला. "ताई, चूक माझीपण आहे," असं चारदा म्हणाला.

मी ऑफिस टाकून रिक्षाने पोचले. आई एका टॉवरच्या गेटपाशी, वॉचमनने दिलेल्या खुर्चीवर, मांडीवर डबा घेऊन बसलेली. तिला बघून माझा जीव भांड्यात पडला आणि पुढच्या क्षणाला डोकं फिरलं. माझं हे असंच आहे, भीती वाटली की मी भांडते. वॉचमनसमोरच ओरडले, "बास झालं आता! उद्या हायवेला कुठे उतरलीस तर कुठे शोधू तुला? गुरुवार बंद!"

आई काही बोलली नाही. रिक्षात नाही, घरी नाही, पुढचे सहा दिवसही नाही. आमच्या घरात आई गप्प म्हणजे कुकरची शिट्टी अडकल्यासारखं. पुढच्या गुरुवारी सकाळी मी उठले तर तिने भाकऱ्या थापलेल्या, डबा भरलेला, केस विंचरून इस्त्रीचं लुगडं नेसलेली. मी ऑफिसला निघाले तेव्हा ती दाराशी स्टुलावर बसलेली, डबा मांडीवर. संध्याकाळी आले तरी डबा तसाच भरलेला.

त्याच दुपारी मावशीच्या सुनेचा फोन आलेला. "ताई, आमच्या आई सकाळपासून दाराकडेच बघतायत. माझ्या हातून घासही घेत नाहीत. काय सांगू त्यांना?" रात्रभर स्वतःचीच लाज वाटत राहिली.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि आईला म्हटलं, चल, रस्ता शोधू. नाक्यावर तिघांना विचारलं तर तिघांनी तीन नंबर सांगितले. मी ऐटीत मोबाइल काढला. ॲपमध्ये बस दोन मिनिटांवर दिसत होती, ती वीस मिनिटं दोन मिनिटांवरच राहिली. मी त्या फोनला शिव्या घालायला लागले, तर आठ दिवसांनी आईचं तोंड उघडलं. "नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू!

शेवटी मार्ग सापडला. पहिली कुठलीही गाडी स्टेशनपर्यंत, ते आईला पाठ होतं. स्टेशनला कल्याणच्या रांगेत उभं राहायचं, तेही सोपं. प्रश्न होता उतरायचा. मी म्हटलं, कंडक्टरला सांगून ठेव. "मास्तरच चुकला की गं," आई म्हणाली. तेही खरंच होतं. मग तिने कनवटीची फुटाण्यांची पुडी काढली. थांबा आला की तोंडात एक फुटाणा. बस थांबो न थांबो, थांबा दिसला की एक. आईचे दात अजून शाबूत आहेत आणि त्याचा तिला फार गर्व आहे. सिग्नलला बस थांबली तेव्हा तिने उचललेला फुटाणा मी परत पुडीत टाकायला लावला. मावशीच्या थांब्यापर्यंत मोजून सतरा झाले. मावशीने आम्हाला बघितलं आणि डाव्या हाताने आईचा पदर जो धरला, तो जेवण होईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या गुरुवारी आई सतरा फुटाणे बांधून, मी नवा घेऊन दिलेला साधा फोन बरोबर घेऊन एकटी निघाली. पोचली की साडेअकरापर्यंत फोन करायचा असं ठरलेलं. पावणेबारा झाले, साडेबारा झाले, फोन नाही. तिचा फोन नुसता वाजत होता. मी समोरच्या फाइलचं एकच पान उलटसुलट करत होते. गेली कुठे ही बाई? मीच पाठवली, मीच! एक वाजता मी पर्स उचलली आणि तेवढ्यात मावशीकडचा नंबर आला.

"पोचले," आई म्हणाली.

"अगं, होतीस कुठे? फोन का नाही घेतलास? जीव गेलेला माझा!"

"वरडू नगंस. फोन डब्याच्या पिशवीत तळाला गेलता. गाडीत एक पोरगी रडत व्हती. तिची आई दमलेली. मग दिले चार फुटाणे."

"कुठले चार?"

"ह्यातलेच की. गप बसली बघ लगेच."

म्हणजे तेरा संपल्यावर बाईसाहेब उतरल्या. चार थांबे आधी! उतरल्यावर ओळखीचं काहीच दिसेना. पण आई घाबरली नाही. बस ज्या रस्त्याने पुढे गेली तोच रस्ता तिने धरला, एका भाजीवालीजवळ बसून पाणी प्यायली आणि चालत चालत मावशीच्या दारात पोचली. पंच्याहत्तरीची बाई, भर उन्हात! मी पुन्हा ओरडणार होते. पण पलीकडून एक आवाज येत होता, घोगरा, तुटक. मी विचारलं, कोण आहे गं ते?

"तुझी मावशी. मघाशी तिला समदं सांगितलं, तवाधरनं हसतीया. थांब, तिच्या तोंडाजवळ धरते."

झटक्यानंतर मी मावशीचं हसू पहिल्यांदाच ऐकलं. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी रडले, आणि मग मलाही हसू आलं.

त्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी मी घरी आले तर आई ओट्याशी बसून फुटाण्यांच्या दोन पुड्या बांधत होती. एकीत सतरा मोजून टाकलेले. दुसरीत मूठभर, न मोजता. मी विचारलं, ही दुसरी कशाला?

"आगं, गाडीत पोरं असणारच की," ती म्हणाली आणि दोन्ही पुड्या डब्याच्या पिशवीत ठेवल्या.